चातुर्मासात जागा होणारा कातळ
रत्नागिरीच्या सड्यांवरील जीवसृष्टी, तिचा शास्त्रीय अभ्यास आणि श्रावकाची जबाबदारी

जैन साधुसाध्वी वर्षाचे आठ महिने पायी विहार करतात आणि पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी स्थिर राहतात. श्वेतांबर परंपरेत याला चातुर्मास म्हणतात, दिगंबर परंपरेत वर्षायोग. या नियमामागचे कारण आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पाऊस पडला की जमिनीवर असंख्य जीव उत्पन्न होतात. वाटेवर गवत उगवते, चिखलात किडे वळवळतात, भिंतींवर शेवाळ चढते. अशा वेळी चालणाऱ्याचे प्रत्येक पाऊल कुणाच्या तरी प्राणावर पडते.

हा आचार घालून देणाऱ्यांनी जमिनीकडे फार बारकाईने पाहिले असले पाहिजे. प्रतिक्रमणाच्या आरंभी येणाऱ्या इरियावहियं सूत्रात येता-जाता दुखावलेल्या जीवांची क्षमा मागताना दव, मुंग्यांची वारुळे, शेवाळ, ओली माती आणि कोळ्यांची जाळी यांचा वेगवेगळा निर्देश आहे. आजचा पर्यावरणशास्त्रज्ञ एखाद्या जमिनीची पाहणी करताना जी नोंदवही भरतो, तिचे रकाने याहून फारसे निराळे नसतात.

रत्नागिरी जिल्ह्यात या जुन्या निरीक्षणाची सत्यता डोळ्यांना दिसेल अशी एक भूमी आहे. तिला स्थानिक लोक सडा म्हणतात. उन्हाळ्यात तो काळपट, भाजून निघालेला, निर्जीव खडक वाटतो. आषाढात तोच सडा हिरवा होतो आणि भाद्रपदात, म्हणजे आपल्या पर्युषणाच्या दिवसांत, फुलांनी झाकला जातो. या भूमीत काय आहे, तिच्यावर कोणते संकट आहे आणि ते संकट मोजण्याचे शास्त्र कोणते, हे व्यापारी कुटुंबांनी समजून घेणे आवश्यक आहे. कारण आजच्या घडीला सड्याचे भवितव्य बहुतांशी जमीन विकत घेणाऱ्यांच्या हाती आहे.

जांभ्याचे पठार

कोकणातील सडे जांभ्या दगडाचे बनलेले आहेत. सह्याद्रीचा मूळ काळा पाषाण उष्ण आणि दमट हवेत लक्षावधी वर्षे कुजत राहिला, पावसाने त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली. त्यातून हा तांबडा, सच्छिद्र दगड तयार झाला. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली मलबारच्या प्रवासवर्णनात या दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. ताजा असताना तो हत्याराने कापता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. कोकणातील घरे, गडगे, विहिरी आणि देवळे याच जांभ्याच्या चिऱ्यांनी उभी राहिली.

सड्यावर मातीचा थर अगदी पातळ. कुठे चार बोटे, कुठे मुळीच नाही. म्हणून तेथे मोठे वृक्ष वाढत नाहीत आणि म्हणूनच सरकारी दप्तरांत अशा जमिनीची गणना पोटखराबा किंवा पडीक अशी होते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही उघड्या खडकाळ जमिनीचा एक स्वतंत्र वर्ग आहे. एकदा जमिनीला ‘पडीक’ म्हटले की तिचा ‘उपयोग’ करणे हे जणू पुण्यकर्म ठरते. शब्दांमुळे होणारी हिंसा ती हीच.

या पठारांचा इतिहासही मोठा आहे. कशेळी, उक्षी, जांभरूण, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे या रत्नागिरी जिल्ह्यातील गावांच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसाने खडकात कोरलेली चित्रे सापडली आहेत. निसर्गयात्री संस्थेच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून ही कातळशिल्पे उजेडात आणली. सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ यांसह ही स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाली. या चित्रांत हत्ती, वाघ, मासे आणि पक्षी आहेत, तसेच आज कोकणात मुळीच नसलेल्या गेंड्यासारख्या प्राण्यांच्या आकृतीही आहेत. ज्या भूमीला आपण ओसाड म्हणतो, तिच्यावर उभे राहून कोण्या एके काळच्या माणसाने आपल्या सभोवतालच्या जीवसृष्टीची नोंद करून ठेवली आहे.

ओंजळभर पाण्यातील संसार

पावसाच्या पहिल्या सरींनंतर सड्यावरील खळगे भरतात. काही खळगे परातीएवढे, काही अंगणाएवढे. सह्याद्रीच्या कातळांवरील अशा डबक्यांत झिंग्यांच्या कुळातील नखभर लांबीचे, पारदर्शक जीव आढळतात. पाणी आटण्यापूर्वी ते अंडी घालतात आणि ती अंडी सुकलेल्या गाळात पुढच्या पावसाची वाट पाहत राहतात. उन्हाळ्यात आपण ज्याला धूळ म्हणतो, ती धूळ नसून पुढच्या पिढीची पेवे असतात. बेडकांनाही हीच डबकी लागतात. डबके टिकते तेवढ्या मोजक्या आठवड्यांत अंड्याचा बेडूकमासा आणि बेडूकमाशाचा बेडूक व्हावा लागतो.

वनस्पतींनी काढलेल्या युक्त्या याहून नवलाच्या आहेत. त्रिपोगॉन नावाच्या गटातील काही गवते उन्हाळ्यात वाळून मेल्यासारखी होतात आणि पाऊस पडताच तीच पाने पुन्हा हिरवी होतात. पातळ मातीत पोषण कमी असल्यामुळे दवबिंदू आणि सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती सूक्ष्म किडे पकडून उणीव भरून काढतात. श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे, कवल्याची पिवळी फुले आणि गेंदाचे पांढरे गोंडे यांनी सडा भरून जातो. यांतील कोकण दीपकाडी ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती जगात केवळ कोकण-गोव्याच्या पट्ट्यातच उगवते. गेंदाच्या एका जातीला तर रत्नागिरीचेच नाव मिळाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शास्त्रजगतापुढे आणली.

प्राण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले या लहानशा गावाचे नाव जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांना परिचित आहे. अंगावर पांढरे पट्टे असलेली, दगडाखाली राहणारी एक छोटी पाल १९६३ मध्ये येथील नमुन्यांवरून प्रथम वर्णिली गेली. पुढे २००३ मध्ये याच गावातून देवगांडुळाच्या एका नव्या जातीची नोंद झाली. देवगांडूळ हा गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर प्राणी आहे. तो बेडकाच्या नात्यातला, मातीत आणि दगडाखाली राहणारा. सड्यावरच्या सुट्या दगडाखालची चार इंच ओल हेच या जीवांचे घर. दगड उचलून गडग्याला लावला की घर संपले.

फुरसेही याच दगडांच्या आश्रयाला असते. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी इतका प्रसिद्ध होता की ब्रिटिश काळात ती मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. फुरशाचा दंश प्राणघातक ठरू शकतो, म्हणून भीती स्वाभाविक आहे. मात्र एवढी बक्षिसे वाटूनही फुरसे संपले नाही. भीतीपोटी केलेली हिंसा आणि सावधगिरीने पाऊल टाकण्याची यतना यांतील फरक या इतिहासावरून कळतो. पायांत बूट, हाती विजेरी आणि वेळेवर मिळालेली प्रतिविषाची लस यांनी जेवढे प्राण वाचतात, तेवढे बक्षिसांनी वाचले नाहीत.

जोखीम मोजण्याचे शास्त्र

धोका आणि जोखीम हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. शास्त्र त्यांत भेद करते. एखाद्या गोष्टीत हानी करण्याची शक्ती असणे हा धोका. ती हानी प्रत्यक्षात घडण्याची शक्यता किती आणि घडली तर तिची व्याप्ती किती, याचा हिशेब म्हणजे जोखीम. व्यापाऱ्याला हे नवीन नाही. गोदामात रॉकेल ठेवणे हा धोका; ते कापडाच्या गाठींपासून किती अंतरावर आहे, आग लागलीच तर किती माल जाईल, विमा किती आहे, हा जोखमीचा हिशेब.

जमिनीच्या बाबतीत हा हिशेब चार प्रश्नांनी होतो. तेथे आज काय आहे? तेथे काय बदल होऊ घातला आहे? त्या बदलाने कुणाचे किती नुकसान होईल? आणि झालेले नुकसान भरून येण्याजोगे आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सुरुवातीची शिल्लक. वर्षारंभीची शिल्लकच चुकीची लिहिली तर पुढचा सारा ताळेबंद चुकतो, मग बेरीज कितीही अचूक असो.

ही शिल्लक मोजण्याच्या रीती साध्या पण चिकाटीच्या आहेत. जमिनीवर ठरावीक मापाची चौकट टाकून तिच्यातील प्रत्येक वनस्पती मोजतात. ठरावीक लांबीच्या सरळ रेषेवरून चालत दोन्ही बाजूंच्या जीवांची नोंद करतात. चौकट कोठे टाकायची हे आवडीनिवडीवर न सोडता आधी ठरवून घेतात, नाहीतर अभ्यासकाचा डोळा फुलांकडेच वळतो. हीच मोजणी वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा करतात. शेवटी बदललेली जमीन आणि न बदललेली जमीन शेजारी-शेजारी ठेवून तुलना करतात.

नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेच्या संशोधकांनी, सड्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या डॉ. अपर्णा वाटवे आदींच्या साहाय्याने, कोकणातील सड्यांवर अशीच तुलना केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीन प्रकारच्या जमिनी घेतल्या होत्या: फारसा हात न लागलेला सडा, सड्यावर पूर्वी भात लावून आता सोडून दिलेली जमीन, आणि आंबा-काजूच्या बागा. प्रत्येक ठिकाणी सुटे दगड हलकेच उचलून खाली कोणते जीव आहेत ते पाहायचे आणि दगड होता तसा परत ठेवायचा, अशी पद्धत. जमिनीचा वापर बदलला की दगडाखालच्या जीवांची वस्तीही बदलते, पण प्रत्येक जीवावर होणारा परिणाम सारखा नसतो, हे त्यातून दिसून आले. एखादा जीव बदल सोसतो, दुसऱ्याला तो सोसवत नाही. म्हणून ‘बाग केली म्हणजे सर्व नष्ट झाले’ हे जसे खरे नाही, तसेच ‘झाडे लावली म्हणजे निसर्ग वाढला’ हेही खरे नाही. अनेकान्ताच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा निष्कर्ष परका वाटू नये.

मोजणी कोणत्या ऋतूत?

मोठ्या प्रकल्पांसाठी अशी मोजणी कायद्याने आवश्यक आहे. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखालील पर्यावरणीय आघात मूल्यमापनाची पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची आणि सध्याची १४ सप्टेंबर २००६ ची. छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरविणे, लोकांचे म्हणणे ऐकणे आणि तज्ज्ञ समितीचे मूल्यमापन असे तिचे चार टप्पे आहेत. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून देणे आणि जनसुनावणीपूर्वी लोकांना किमान ३० दिवसांची सूचना देणे बंधनकारक आहे.

रचना चांगली आहे. अडचण आहे ती ऋतूची. अशा अभ्यासांच्या ठरीव अटींमध्ये मूळ स्थितीची मोजणी पावसाळा वगळून एका ऋतूत करण्याची पद्धत रूढ आहे. हवेतील धूळ मोजायची तर हे ठीकच आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडे फसवे येतात. परंतु जीवसृष्टीची पाहणीही त्याच दौऱ्यात उरकली गेली, तर सड्याच्या बाबतीत निकाल आधीच ठरलेला असतो. मार्च महिन्यात सड्यावर गेलेल्या अभ्यासकाला वाळके गवत आणि तापलेला दगड यापलीकडे काय दिसणार? तो प्रामाणिकपणे ‘विशेष काही आढळले नाही’ असे लिहितो आणि तेवढ्या एका वाक्याने साऱ्या पठाराचे भवितव्य ठरते. बाजाराच्या दिवशी बंद असलेल्या दुकानाचा गल्ला मोजून त्या दुकानाला गिऱ्हाईकच नाही असे म्हणण्यासारखे ते आहे.

साधूंच्या आचारसंहितेने जो काळ जीवांनी सर्वाधिक भरलेला मानून पाऊल थांबवले, नेमका तोच काळ मोजणीतून निसटतो. सड्यासारख्या भूमीवर पावसाळ्यातील पाहणीशिवाय कोणताही अहवाल पूर्ण मानू नये, ही अभ्यासकांची मागणी म्हणूनच रास्त आहे.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. खासगी जमिनीवर सडा फोडून बाग करणे या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. कारखान्यासाठी अहवाल लागतो; शंभर वेगवेगळ्या मालकांनी शंभर तुकडे सपाट केले तर एकही अहवाल लागत नाही. थेंबाथेंबाने होणाऱ्या या बदलाची बेरीज कुणाच्याच खात्यावर पडत नाही.

कातळ फोडल्यावर

रत्नागिरीच्या हापूसने या जिल्ह्याला मान आणि धन दोन्ही दिले. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग कार्यक्रमाने अनेक लहान शेतकऱ्यांना बागायतदार केले, हे उपकार विसरता येणार नाहीत. मात्र चांगल्या मातीच्या जमिनी संपत आल्या तशी बाग सड्यावर चढली. सुरुंगाने कातळात खड्डे घेणे, त्यांत दुसरीकडून आणलेली माती भरणे, यंत्राने पृष्ठभाग सपाट करणे, सुटे दगड गोळा करून कुंपण घालणे, ही सारी कामे आता सर्वत्र दिसतात. यांखेरीज जांभ्याच्या चिरेखाणी आहेत. दगड संपला की चौकोनी खड्डे तसेच उघडे राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपककुमार प्रकरणातील निर्णयात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजांच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, ती अशाच सुट्या सुट्या खाणींच्या एकत्रित परिणामाची दखल घेऊन.

जीवांची हानी ज्यांच्या मनाला भिडत नाही, त्यांना पाण्याचा हिशेब तरी पटावा. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उतार तीव्र, समुद्र जवळ, त्यामुळे पाणी थांबत नाही. त्याला थोडेफार थांबवतो तो सच्छिद्र जांभा. पठारावर पडलेले पाणी त्याच्या छिद्रांतून खाली मुरते, तळाच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पायथ्याच्या विहिरी, पऱ्हे आणि पाट या झऱ्यांवर जगतात. वरचा जांभा कापून नेला, तर पाण्याची टाकीच काढून नेल्यासारखे होते. सपाटीकरणाने सुटलेली माती पहिल्या पावसात पऱ्ह्यातून खाडीत उतरते आणि मासेमारांच्या वाट्याला गाळ येतो. सड्यावरचा निर्णय सड्यावर राहत नाही.

आणि चौथा प्रश्न, नुकसान भरून येण्याचा. तोडलेले जंगल काही प्रमाणात पुन्हा उभे राहू शकते. लक्षावधी वर्षांत तयार झालेला कातळ फोडला तर तो पुन्हा सांधता येत नाही. व्यापारात तोटा आणि दिवाळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोटा पुढच्या हंगामात भरून निघतो. सड्याचा नाश दुसऱ्या प्रकारात मोडतो.

समित्या आणि मतभेद

या साऱ्याची दखल सरकारी पातळीवर घेतली गेली नाही असे नाही. मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसरशास्त्र तज्ज्ञ गट नेमला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा विशेष विचार करण्याचे काम त्याच्याकडे सोपवले गेले आणि काही काळ येथील नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या स्थगित राहिल्या. गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर करावेत आणि निर्णयांत ग्रामसभांना स्थान द्यावे, असे त्याचे सूत्र होते. त्यानंतर डॉ. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये वेगळा अहवाल दिला आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्रच संवेदनशील म्हणून सुचवले. मसुदा अधिसूचना पुन्हा पुन्हा निघत राहिल्या. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे.

दरम्यान जिल्ह्यातील सडे मोठ्या वादांचे स्थान बनले. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन आणि शेजारच्या गावांतील ९३८ हेक्टर जमीन घेण्यात आली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा गावकरी सड्यावर जमले. या प्रकल्पांच्या बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्यांची कारणे वेगवेगळी आहेत. रोजगार हवा म्हणणारा तरुण चुकीचा नाही आणि पाण्याची काळजी करणारी गृहिणीही चुकीची नाही. दोघांच्या मध्ये विश्वासार्ह मोजणी असली तर निर्णय शहाणपणाने होतो. ती नसली तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते.

साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले आणि आज तेथे फुले पाहायला माणसांची रीघ लागते. कोकणातील सखल सड्यांना असे संरक्षण लाभलेले नाही. त्यांतील बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. म्हणजे प्रश्न फिरून जमीनमालकापाशी आणि खरेदीदारापाशीच येतो.

श्रावकाचा व्यापारधर्म

श्रावकाच्या व्रतांत उपजीविकेचे नियम आहेत. उपासकदशांगात आणि आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात पंधरा कर्मादाने, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. आपण ती यादी अतिचारांच्या ओघात म्हणून जातो. तिचा अर्थ सड्यावर उभे राहून पाहावा. वनकर्म म्हणजे वन तोडून केलेला व्यापार. स्फोटकर्म म्हणजे भूमी फोडून, खणून केलेली उपजीविका. विषवाणिज्य म्हणजे विषाचा व्यापार. दवदान म्हणजे रानाला आग लावणे. सरःशोषण म्हणजे तळी, जलाशय आटवणे. चिरेखाण, सुरुंग, कीटकनाशकांच्या फवारण्या, गवताला लावलेला वणवा आणि बुजवलेली डबकी ही त्या पाच नावांची आजची रूपे आहेत.

या यादीमागची दृष्टी महत्त्वाची आहे. नफा किती, हे पाहण्याआधी त्या नफ्याखाली किती जीव दबतात हे पाहा, असे ती सांगते. आधुनिक परिभाषेत हीच जोखमीची पूर्वतपासणी. शास्त्राला खात्री नसेल तेव्हा सावधपणाच्या बाजूला झुकावे, हे आजच्या पर्यावरणविचाराचे तत्त्व आणि आपली यतना यांचे गोत्र एकच आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात जीवांचे परस्परांवरील उपकार हा जीवांचा धर्म मानला. सड्याचा झरा विहिरीला, विहीर वाडीला आणि वाडी बाजारपेठेला जगवते, हे पाहिले की त्या विचाराचा आवाका ध्यानात येतो.

अर्थात व्यापारी कुटुंबाने हात बांधून बसावे असा याचा अर्थ नाही. महाव्रते साधूंची, अणुव्रते गृहस्थाची. अणुव्रत म्हणजे मर्यादा आखून घेणे. ती मर्यादा सड्याच्या बाबतीत कशी आखता येईल?

कुटुंबाला करता येण्याजोगे

कोकणात सड्यावरची जमीन घेण्याचा विचार असेल, तर ती एकदा श्रावण-भाद्रपदात पाहावी. दलाल उन्हाळ्यात दाखवतो, कारण तेव्हा रस्ता चांगला असतो. पावसाळ्यात पाहिल्यावर डबकी कोठे साचतात, पाणी कोणत्या दिशेने उतरते आणि झरा कोठे फुटतो, हे कळते. बाग किंवा घर करायचेच असेल, तर आधीच माती असलेला भाग त्यासाठी निवडावा आणि उघड्या कातळाचा सलग भाग न फोडता राखावा. सुटे दगड जागेवर राहू द्यावेत. डबक्यांच्या आणि झऱ्यांच्या जवळ फवारणी करू नये. उन्हाळ्यात गवत जाळण्याची रूढी आपल्या जमिनीपुरती तरी बंद करावी. मालाला चिरा लागत असेल तर पुरवठादाराकडे पर्यावरण मंजुरीची प्रत मागावी. पक्के बिल मागतो तसेच.

प्रकल्पाची जनसुनावणी जाहीर झाली तर मराठी सारांश मागून वाचावा आणि एक साधा प्रश्न विचारावा: जीवसृष्टीची पाहणी कोणत्या महिन्यात केली? या प्रश्नासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही.

जैवविविधता कायदा २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक ठिकाणी या नोंदवहीला हात लावायला माणूस नसतो. हिशेबवह्या पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर ठेवणाऱ्या समाजातील तरुणांनी सुट्टीत एखाद्या गावाची वही भरण्यास मदत केली, तर ती मोठी सेवा ठरेल. याच कायद्याने लहान जागांनाही वारसा स्थळाचा दर्जा मिळू शकतो. सिंधुदुर्गात आंबोलीच्या हिरण्यकेशी परिसरातील २.११ हेक्टर जागा तेथील एका छोट्या माशासाठी, आणि दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील २.५९ हेक्टरांची दलदल तिच्या दुर्मीळ जायफळवर्गीय वृक्षांसाठी, २०२१ मध्ये वारसा स्थळ झाली. पाच-सहा एकरांनी एखादी जात वाचू शकते, हे या उदाहरणांनी दाखवले.

संरक्षणातून उपजीविकाही उभी राहते, याचा पुरावा रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून सागरी कासवांची घरटी राखण्यास सुरुवात केली. गावाने साथ दिली, अंडी चोरीला जाणे थांबले आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पाहुणे येऊ लागले. त्यांच्या राहण्याजेवणाची सोय गावकऱ्यांच्या घरी होते. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावरून ‘प्रथमा’ नावाच्या कासविणीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवून तिला सोडण्यात आले, तेव्हा कोकणच्या कासवांचा समुद्रातील मार्ग प्रथमच नकाशावर उमटू लागला. आधी जीव राखला, मग अभ्यास वाढला आणि त्यातून गावाला मिळकत झाली. सड्यावरही फुले, कातळशिल्पे आणि झरे यांच्या आधाराने असेच काही उभे करणे अशक्य नाही. त्यासाठी भांडवल आणि व्यवहारज्ञान लागते, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या समाजाकडे आहेत.

परिग्रहाचे परिमाण ठरवताना आपण सोने, घरे आणि जमिनी मोजतो. ज्यांच्याकडे कोकणातील जमीन आहे किंवा पुढे येणार आहे, त्यांनी यंदाच्या चातुर्मासात त्या परिमाणात एक ओळ वाढवावी: यांतील इतका कातळ आम्ही फोडणार नाही. ही ओळ खरेदीखताच्या प्रतीवर लिहून ठेवली, तर पुढच्या पिढीलाही ती वाचता येईल.